चकलीच्या पोटातले लाल दोरे

वारजे, ३ मार्च

नम्रता,

आधी 'चि. सौ.' लिहिलं होतं, मग खोडलं. 'सौ.' तुला अजून चालतं की नाही मला ठाऊक नाही, आणि नको त्या कपाळाला कुंकू लावत बसणाऱ्यांतली मी नाही. 'चि.' मात्र आहेसच. तो आशीर्वाद आहे, त्याला तुझी परवानगी लागत नाही.

तू घरातल्या सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेस, त्यात सासूचाही केलास. ठीक आहे. जुनी अकरावी झालेली बाई आहे मी, पत्र लिहिता येतं. वर्ध्याचा तुझ्या माहेरचा पत्ता दुसऱ्या मजल्यावरच्या हेमाने दिला. तुझ्या मैत्रिणीवर रागावू नकोस. मी तिच्या सोफ्यावर ठाण मांडून बसले, तेव्हा नाइलाजाने दिला.

हेमा म्हणाली, सुट्टी लागली की तू ओवीला घेऊन येणार आणि ओवीचे मासे टाकीसकट वर्ध्याला नेणार. तोवर मासे जगवा, असा तुझा निरोप. जगवते. हे मी तुझ्या नवऱ्याला, इंद्रजीतला, सांगितलेलं नाही. तू आधी घरात पाऊल ठेव, चहा घे, मग टाकीचं काय ते बघू. रागात गेलेलं माणूस आठवडाभरात येतं असं मला वाटलं होतं. तुला दोन महिने होत आले. भांड्याला भांडं कुठल्या घरात लागत नाही? त्या दिवशी तुझा तोल गेला आणि टाकीच्या स्टँडचा कोपरा कपाळाला लागला, एवढंच मला दिसलं. ओवीने रडून आकांत केला म्हणून सगळ्याचं मोठं झालं.

माशांची काळजी करू नकोस. तू नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवून मग टाकीत घालायचीस. मी तो उपद्व्याप बंद केला. सोसायटीमागे आपली विहीर आहे. सगळी जमीन बिल्डरच्या घशात गेली, तेवढी विहीर यांनी राखली, आणि डास नकोत म्हणून तिच्यात गप्पी मासे सोडले. तिचंच पाणी टाकीत घालते. त्यात उड्या मारणारे बारीक जीव असतात, तुझे मासे ते असे मटामटा खातात की बघत राहावं. डब्यातला तो कोरडा भुस्सा कुणाला गोड लागणार?

चकली, शेव, बुंदी आणि बाकीची गप्पींची पलटण मजेत आहे. फक्त चकलीच्या मागे दोन दिवस लाल दोऱ्यासारखं काहीतरी लोंबतंय. ती हलली की आत जातं, थांबली की बाहेर येतं. काय असेल? ओवीला माझे पापे.

आई


वारजे, १४ मार्च

नम्रता,

उत्तर नाही. वर्धा काही लंडनला नाही.

लाल दोरे आता तीन-चार माशांना आहेत. चकलीचं पोट आत गेलंय, पाठ मात्र तशीच आहे, त्यामुळे ती कागदाची कापलेली वाटते. खाणं तोंडात घेते आणि थुंकते. काल मी भिंग लावून पाहिलं. दोरा नाही तो, जंत आहे. जिवंत. वळवळतो.

मला तर बघताक्षणी नारू आठवला. तुमच्या पिढीला तो माहीत नसेल. आमच्या लहानपणी पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं की वर्षाने पायातून पांढरा दोरा निघायचा. माझ्या काकांच्या पोटरीतून निघाला होता. आजी तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायची आणि काका दात-ओठ आवळून बसायचे. पण निघाला. पूर्ण निघाला.

म्हणून मी ओल्या फडक्यात मासा धरला आणि भुवयांच्या चिमट्याने दोरा हळूच ओढला. तुटला. एकाचाच ओढला, उगाच घाबरू नकोस.

माशांच्या दुकानातल्या माणसाने निळं औषध दिलं. टाकी शाईच्या दौतीसारखी झाली, भांड्यांना डाग पडले, जंत जसेच्या तसे. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "काकू, मासे बदला ना, नवीन देतो." घ्या! उद्या हा नातवंडंही बदलून देईल.

इंद्रजीत म्हणतो टाकी काढून टाक, हॉलमध्ये मोठा टीव्ही लावायचाय. म्हणतो, "मेले तर बरंच आहे, विषय संपला." पण तुला सांगते, मासे संपले तर तुला या घरात यायला दुसरं कारण नाही, हे मला कळतं. माझा जीव त्या टाकीत अडकलाय. ओवी 'आजी' म्हणत पायाला मिठी मारायची, ती परत मारणार की नाही, ते त्या मूठभर माशांवर येऊन ठेपलंय.

काय करू ते लिही. चार ओळी लिही. शिव्या घालायच्या तर त्याही घाल.

बुंदी आज दिसली नाही. झाडामागे असेल.

आई


वारजे, २४ मार्च

नम्रता,

तुझं पत्र मिळालं. पाकीट उघडलेलंच होतं, पोस्टात फाटलं असावं. 'आपण कशा आहात' नाही, 'ओवी मजेत' नाही. सरकारी नोटीससुद्धा याहून लडिवाळ असते. तरी मी ते वाचून वाचून पाठ केलं: "आई, हात लावू नका. जंत आतून चिकटलेले असतात, ओढले की आतडं फाटतं. निळं औषध यावर चालत नाही. लेव्हामिसोल लागेल, फक्त तेच. गुरांच्या बाटलीत बरेचदा दुसरं औषधही मिसळलेलं असतं, ती वापरू नका. नवीन मासा आणू नका. बाहेरचं पाणी किंवा जिवंत खाणं घातलंत का? आम्ही तीन मेला येऊ."

बुंदी झाडामागे नव्हती. चिमट्याने ओढलेली तीच. दुसऱ्या दिवशी तळाशी आडवी पडली होती. तशीच नारिंगी दुसरी आणून सोडावी असंही मनात आलं, पण ओवीला फसवणं सोपं नाही, आणि तू नको म्हणतेस ते बरंच झालं. तिला तू सांग. मला जमायचं नाही.

आणि हो, पाणी घातलं. विहिरीचं. खाणंही तेच. म्हणजे रोग मीच कळशीने वाहून आणला. यांना सांगितलं तर माझ्यावरच उखडले. "आमच्या इहिरीला नावं ठेवती व्हय? पाच पिढ्या प्यायल्या त्या पाण्यावर!" मी म्हटलं, पाच पिढ्यांच्या पोटात काय होतं ते कुणी भिंग लावून पाहिलंय? तेव्हापासून अबोला आहे. तेवढीच शांतता.

पण मग मी जाऊन विहिरीत वाकून पाहिलं. यांच्या गप्पी माशांपैकी एक वर आला होता. त्याच्याही मागे लाल दोरा. काठावरच बसले.

रंगराव डॉक्टरांकडे गेले. आपल्या म्हशी होत्या तेव्हा यायचे तेच, आता निवृत्त झालेत. जुन्या गोठ्यातून आणलेल्या फडताळात जंताच्या औषधाची जुनी बाटली होती, ती घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं आणि म्हणाले, "इंदुबाई, सुनेचं ऐका. यात दोन औषधं आहेत. दुसरं माशांना मारून टाकेल." मी ती बाटली आदल्याच दिवशी ओतणार होते, नम्रता. बूच काढलं होतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

साधं औषध इथे दोन दुकानांत नव्हतं. शोधते. शेव पण खाईनाशी झाली आहे.

आई


वारजे, ५ एप्रिल

नम्रता,

बस खाली आणि वाच. औषध मिळालं, आणि आणलं कुणी? इंद्रजीतने!

मी मागितलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी कामावरून आला आणि पुडी माझ्या हातात ठेवली. स्वारगेटजवळच्या कुठल्याशा दुकानातून आणली. म्हणाला, "आई, मासे जगले पाहिजेत." टीव्हीचं नाव नाही, आदळआपट नाही. आईचं काळीज आहे, त्याला भरून यायला काय लागतं? मी देवापुढे साखर ठेवली.

रंगरावांनी टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची विचारली आणि औषध तोलून दिलं. एवढ्या पाण्याला एवढीशी चिमूट. मी म्हटलं, म्हशीला वाटीभर लागायचं. म्हणाले, "म्हशीच्या पोटात घालतो, इथं मासा औषधातच राहणार आहे." औषधाला उजेड सोसत नाही म्हणून दिवा बंद केला आणि तुझ्या लग्नातली ती जाड सोलापुरी चादर टाकीवर घातली. हवेचा पंप चालू ठेवला. दिवसभर चादरीखालून बुडबुड्यांचा आवाज येत राहिला आणि मी समोर बसून राहिले. वर करून बघायची इच्छा होत होती, बघितलं नाही. दुपारी वीज गेली, पंप बंद पडला. औषधाच्या पाण्यात मासे गुदमरतील म्हणून मी वाटीने पाणी उचलून वरून ओतत राहिले, हात भरून आले तरी. इंद्रजीत शेजारी उभा राहून ओतत होता. खरंच सांगते, तो माझ्याबरोबर वाटीने पाणी ओतत होता.

दुसऱ्या दिवशी चादर काढली. तळाशी लाल दोरे पडले होते, काही माशांच्या मागे लुळे लोंबत होते. मरत नाहीत म्हणे लगेच, लुळे पडतात, म्हणून मासे पुन्हा ते खायच्या आत नळीने तळ ओढून काढायचा. काढला. ते पाणी विहिरीकडे नाही, संडासात ओतलं. मग बादलीत शिळं केलेलं नळाचं पाणी घातलं, तू करायचीस तस्सं.

दोन गप्पी गेले. चकली आहे, शेव आहे, आणखी पाच आहेत. आज सकाळी चकलीने दाणा घेतला आणि थुंकला नाही. मी एकटीच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या.

जंतांची पोटातली आणि तळातली पिल्लं राहतात म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस द्यायचा आहे. तो मी तू यायच्या आत देते. ये. इंद्रजीतने ओवीची खोली रंगवायला काढली आहे, गुलाबी. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. माणूस बदलतं गं.

आई


वारजे, १३ एप्रिल

नम्रता,

येऊ नका.

हे पत्र हेमाच्या हाती पोस्टात टाकते आहे. तुझा फोन हेमाकडे चालतो, तिला मी तोंडीही सांगितलंय, पण तू म्हणशील सासूबाईंचं डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

काल जेवताना यांनी इंद्रजीतला विचारलं, "टाकी इकायची व्हती ना रं? आता का पूजा मांडलीय तिची?" तो हसला. म्हणाला, "दादा, मासे आहेत तोवर नम्रता येणार. नम्रता येणार म्हणजे ओवी येणार. तीन तारखेला येतायत. एकदा ओवी दारातून आत आली की बाहेर जाणार नाही. वकिलाशी बोललोय. इथल्या शाळेत तिचं नाव घालायचंही बघितलंय. नम्रताला कुठं जायचं तिकडं जाऊ दे, पोरगी आपल्या घरात राहील."

तीन तारीख मी घरात कुणालाही सांगितलेली नव्हती. पाकीट पोस्टात फाटलं नव्हतं, नम्रता.

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "नात आपलीच हाय," आणि भाकरी मोडली. बास. एवढंच.

मी ताट तसंच ठेवून उठले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणू? मला ओवी हवी आहे. तुला वाटेल म्हातारी मोठी उदार झाली, तर तसं नाही. तो बोलत असताना क्षणभर माझ्या मनात आलं, चला, ओवी घरात राहील. आलं. मग मला ती आठवली, टाकीजवळ उभी राहून किंचाळणारी. आईच्या कपाळातून रक्त येतंय आणि ही टाकीला पाठ लावून उभी, मासे घाबरतील म्हणून. ती आता वर्ध्यात झोपेत किंचाळते, असं हेमा म्हणाली. तिला तुझ्याशिवाय या घरात कोंडायचं? आणि मी तिला काय सांगायचं, मासे बघ म्हणून?

वाटीने पाणी ओतणारा तो हात मला राहून राहून दिसतो. मी साखर ठेवली होती गं देवापुढे.

आता मासे इथे ठेवून चालणार नाही. ते इथे आहेत तोवर तुझा जीव इकडे ओढला जाणार, ओवी हट्ट करणार, आणि एखाद्या दिवशी तू म्हणशील, जाऊन पटकन घेऊन येते. काय करायचं ते मी ठरवलंय. हेमा मदत करते म्हणाली.

आई


वारजे, २९ एप्रिल

नम्रता,

हे पत्र माशांबरोबर येतंय. हेमाच्या नणंदेचं लग्न नागपूरला आहे, ती गाडीने जाते आहे, वाटेत तुझ्याकडे थांबेल. थर्माकोलच्या खोक्यात सात मासे आहेत: चकली, शेव आणि पाच गप्पी. हेमाला सांगितलंय, गाडीतला एसी बंद करायचा नाही आणि खोकं उन्हात ठेवून चहाला उतरायचं नाही. तुमच्याकडचा उन्हाळा माणसांना सोसत नाही, तर यांना कुठला.

इंद्रजीत साइटवर गेला तसे मी मासे झाकणाच्या बादलीत काढले आणि हेमा लिफ्टने घेऊन गेली. तिच्या बाथरूममधल्या टबात ते राहिले. दुसरा डोसही तिथेच दिला. रंगरावांनी माप दिलं, का म्हणून विचारलं नाही. या वेळी तळाशी काही पडलं नाही. तरी तू भिंगाने बघ, आणि महिनाभर यांना दुसऱ्या कुठल्या माशांत सोडू नकोस. जाळी, नळी, वाटी यांतलं इथलं काहीही पाठवलेलं नाही. सगळं नवीन घे.

इंद्रजीतला मी सांगितलं, औषधाचं माप चुकलं, सगळे मेले, संडासात टाकले. टाकी रिकामी करून पुसून ठेवली होती. त्याने वाकून रिकाम्या काचेच्या आत बघितलं. मग म्हणाला, "तू मुद्दाम केलंस." मी म्हटलं, म्हातारीचा हात चुकला. त्याने माझा दंड धरून मला स्टँडवर ढकललं. कोपर फुटलं, प्लास्टर नाही, पट्टीवर भागलं. यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

माझा तोल गेला नव्हता, नम्रता. त्याने ढकललं. हे वाक्य मला तुझ्याही बाबतीत पहिल्याच दिवशी लिहिता आलं असतं, पण ते राहू दे, आता त्याने तुझं कपाळ भरून येणार नाही. कोर्टात लागलं तर मी उभी राहीन. तुझंही सांगेन, माझंही. हेमाने कोपराचे फोटो काढून ठेवलेत.

तू म्हणशील, तुम्हीही निघून या. हेमाही तेच म्हणते. येईन कदाचित. आज नाही. माझं अर्धं आयुष्य या भिंतींत गेलंय आणि ते मी कुणी ढकललं म्हणून सोडणार नाही. सोडायचं तेव्हा माझ्या पायांनी सोडेन. शिवाय मी इथे असले तर याच्या डोक्यात काय चाललंय ते मला आधी कळतं. गुलाबी खोली बंद करून तिची किल्ली मी कमरेला लावली आहे.

ओवीला सांग, चकली आता खाऊन थुंकत नाही. दिवसातून दोनदाच घाल, थोडं थोडं. तिला म्हणावं, आजी फार आठवण काढते. नाही, हे नको सांगूस, ती यायचा हट्ट धरेल. सांग की आजीला गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही.

इथे येऊ नका. सुट्टीत नाही, सणाला नाही, मी आजारी आहे असा निरोप आला तरी नाही. आणि उद्या माझ्याच अक्षरात, 'सगळं निवळलंय, ओवीला घेऊन ये' असं पत्र आलं, तर ते मी लिहिलेलं असेल, पण माझ्या मागे कोण उभं होतं ते आधी हेमाला विचार.

आई